शिवण कुठल्या बाजूला पाडायची, आत्या?

तुम्ही इस्त्री करता, की इस्त्री ओढता?

हसू नका, नीट आठवून सांगा. कापडावर इस्त्री टेकली रे टेकली की तुमचा हात पुढे-मागे पळायला लागतो ना, मागे कुणी लागल्यासारखा? मग तुम्ही ओढणाऱ्यांतले. बहुतेक सगळे त्यातलेच असतात. वारंगा फाट्यावर शिलाई आणि इस्त्रीचं दुकान चालवणारी माझी कौतिकाआत्या हा प्रश्न तिच्या इस्त्रीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला विचारायची आणि उत्तर यायच्या आत त्याच्या हातातून इस्त्री काढून घ्यायची. परवा परवा ती गेली.

आत्या, तुझा प्रश्न मी वाचणाऱ्यांपुढे ठेवून दिला. आता पुढचं तुझ्याशी बोलते. त्यांना ऐकायचं असेल तर ऐकू दे.

तुला गेलेल्या माणसांवरचे लेख आवडत नसत. पपांनी, म्हणजे तुझ्या धाकट्या भावानं, कुणाकुणावर लिहिलेले तू वाचायचीस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोट ओळीखाली, आणि म्हणायचीस, "काहून रे बाळू, मान्स मेलं की एकदम गोडच व्हतं का? ह्यो तर लग्नात वरणावरून भांडला व्हता." म्हणून आधीच लिहून टाकते, तू गोड नव्हतीस. चांगली कात्री तू माझ्यापासून लपवून ठेवायचीस. गिऱ्हाइकाचे कपडे झाले नसले की "लाइट गेल्ती" म्हणायचीस, आणि तुझ्या डोक्यावर पंखा गरागरा फिरत असायचा. वादात हरायला लागलीस की तुला एकाएकी ऐकू येईनासं व्हायचं. आणि आपला सगळ्यात मोठा वाद अर्धा टाकून तू निघून गेलीस, हे तर मला मुळीच पटलेलं नाही.

मी पत्रकांवर वाढले, हे तुला सांगायला नको. पपा दिवसा दुसऱ्यांच्या शेतात राबायचे आणि घरी आले की पत्रकं लिहायचे. छापून आणलेले गठ्ठे आमच्या घरात ज्वारीच्या पोत्याला टेकून असत. अक्षरओळख मला त्यांनीच करून दिली, म्हणून मी लिहिलेल्या पहिल्या वाक्यालाही उद्गारचिन्ह होतं. पपा बाजाराच्या दिवशी पत्रकं वाटायचे. लोक आदरानं घ्यायचे आणि पुढच्या वळणावर आदरानं टाकून द्यायचे. तू उरलेला गठ्ठा दुकानात नेलास आणि इस्त्री केलेल्या प्रत्येक शर्टाच्या घडीत एकेक पत्रक घालायला लागलीस. पपांना कळलं तेव्हा ते सायकल आडवी टाकून दुकानात शिरले. मी तिथंच काजं करत बसले होते.

"आक्का, माझं पत्रक म्हंजी रद्दी हाय का? घडी मोडू न्हाई म्हणून घालून राहिली तू!"

"घडी मोडत न्हाई, ते बराबर हाय," तू म्हणालीस. "पर तू वाटतो ते पत्रक नालीत जातं बाळू. माझं पत्रक शर्टासंगं घरी जातं. मान्स शर्ट घालायला घेतो तवा निवांत असतो, आरशापुढं हुबा असतो. हातात आलं की वाचतो."

 एका साहेबांनी तर ते पत्रक पुढच्या कपड्यांबरोबर परत पाठवलं होतं, समासात लाल पेनानं "मुद्दा योग्य आहे" असं लिहून. पपांनी तो कागद कितीतरी दिवस खिशात बाळगला. तुझ्या युक्तीचं श्रेय मात्र तुला कधी दिलं नाही. इथं देते.

तर ही गोधडी.

दिवाळी सरली आणि हिंगोलीला कचेरीसमोर गायरानाचं धरणं बसलं. गावाची पडीक सरकारी जमीन, दगड वेचून, काट्या काढून ज्यांनी पिकाखाली आणली त्यांच्या नावावर ती करा, एवढीच मागणी. मी घोषणा लिहिल्या, पपांनी पत्रक लिहिलं, आणि तू भाकरी घेऊन मंडपात गेलीस. तिथं हट्ट्याच्या सुभद्राकाकू भेटल्या. आम्ही त्यांना विचारलं होतं, जमीन किती, कधीपासून कसता, कागद कोणते आहेत. तू विचारलंस, "पहाटं काय पांघरता?"

परत आलीस ती थेट आमच्या घरी, पपांच्या लोखंडी पेटीपाशी. त्या पेटीत जुनी कापडी बॅनरं होती. आता सगळीकडे फ्लेक्स झालं, पण पपांच्या तरुणपणी मांजरपाटावर ऑइलपेंटनं अक्षरं काढायचे. निळ्या कापडावर पांढरी, पांढऱ्यावर लाल. प्रत्येक मोर्चाचं बॅनर पपांनी धुऊन, घडी घालून, डांबराच्या गोळ्या टाकून ठेवलं होतं.

"ही मला दे," तू म्हणालीस. "गोधडी शिवते. सुभद्राला बोलून आले, थंडी सरायच्या आत आणून देते म्हणून."

पपा पेटीवर बसलेच. "बॅनर कापायची? मोर्चाचं निशाण हाय ते. अंगाखाली घालायचं?"

"अंगाखाली न्हाई रे, अंगावर. मोर्चा सरला की तुझं निशाण पेटीत झोपतं, गोळ्या उशाला घेऊन. बाया तिकडं कुडकुडून राहिल्या."

"लोक काय म्हनतीन?"

"म्हनतीन, ह्या बाईला थंडी वाजत न्हाई. अजून काय? उठ पेटीवरून, तुझ्या वजनानं बिजागरी गेली."

पपा उठले. एक अट घातली, अक्षरं कापायची नाहीत, शब्द पुरा ठेवायचा. तू हो म्हणालीस आणि कापताना बरोबर ते विसरलीस. चौकोनाच्या मापात कुठला शब्द पुरा बसणार? पण रंगाची बाजू आत, अस्तराकडे घ्यायची आणि बाहेर कापडाची पाठ ठेवायची, हे तू आधीच ठरवलं होतंस. पपा म्हणाले, "मंग कळंल कसं कुनाचं बॅनर हाय ते?" तू म्हणालीस, "वाळलेला रंग गार लागतो, टोचतो. पांघरनाराला ऊब पायजे, वाचायला पत्रक हायेच की तुझं."

मग ती इस्त्री. आपल्याकडं गोधडीला इस्त्री कोण करतं? जुनी लुगडी जमिनीवर अंथरायची, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, आणि कडेपासून टाके घालत मध्यापर्यंत यायचं. गल्लीतल्या बाया तुझ्या दुकानात येऊन हसायच्या. "कौतिके, आज गोधडीला इस्त्री, उद्या म्हशीला पावडर लावशीन काय?" तू त्यांना चहा पाजायचीस आणि हातात एकेक तुकडा द्यायचीस. एक बॅनर धुऊन धुऊन मऊ झालेलं, एक अजून खळीनं ताठ, एकावर वर्षानुवर्षांच्या घड्या जणू हाडात शिरलेल्या. लुगडं अखंड असतं, ते आपोआप बसतं. तुकडा बसत नाही. शर्टाला कॉलर असते, बाह्या असतात, चहूकडून शिवणी असतात, तो इस्त्रीपुढं आपला बचाव करू शकतो. कापलेला तुकडा चारी बाजूंनी उघडा असतो. ओढाल तिकडं जातो.

आणि त्यातही उरेब, म्हणजे तिरपं कापलेलं कापड. उभ्या धाग्यावर ओढलं तर कापड ऐकत नाही, आडव्यावर थोडं ऐकतं, आणि तिरकं ओढलं की रबरासारखं लांबतं. त्रिकोणी तुकड्यांची लांब बाजू अशीच तिरपी असते. तिच्यावर इस्त्री सरकवली की तुकड्याला पोट सुटतं. मग तो शेजारच्या तुकड्याला जुळत नाही, आणि शेवटी गोधडीच्या मध्यभागी फुगा येतो, भाकरीला येतो तसा. भाकरीचा फुगा कौतुकाचा, गोधडीचा नाही.

तुझी पद्धत माझ्या हातात बसली आहे, म्हणून लिहून ठेवते. टेबलावर घोंगडी, तिच्यावर सुती चादर. तुकडा तळहातानं सारखा करायचा, ओढायचा नाही. पाणी शिंपडायचं, भिजवायचं नाही, कारण ओलं कापड कोरड्यापेक्षा जास्त ताणतं. इस्त्री वरून ठेवायची. थांबायचं. उचलायची. शेजारी ठेवायची. रंगाच्या बाजूनं करावीच लागली तर मध्ये फडकं. आणि शेवटचं, जे मला सगळ्यात अवघड गेलं, गरम तुकडा लगेच उचलायचा नाही. गार होऊ द्यायचा. गरम असताना उचलला की तेवढ्यानंही तो ताणतो.

आत्या, तू गेलीस त्याची ऊब अजून आहे आणि मी उचलून लिहायला बसले आहे. वेडंवाकडं झालं तर तुझ्याच नियमानं झालं म्हण.

पपांची गोष्ट सांगितली नाही तर हा लेख खोटा ठरेल. पपांनी मागे एक पत्रक लिहिलं होतं, घरकामात पुरुषांनीही वाटा उचलावा असं. एका दुपारी ते दुकानात आले आणि तू त्यांना त्यांचंच पत्रक दाखवलंस, घडीतून काढून. पपा तत्त्वाचे पक्के. बाह्या सरसावल्या, "आण इकडं." त्यांना इस्त्री एकाच गोष्टीची ठाऊक होती, स्वतःच्या सदऱ्याची, तीही कडक. लाल अक्षरांचा तुकडा, रंगाची बाजू वर, मध्ये फडकं नाही, आणि पपांनी इस्त्री जी हाणली ती बैलगाडी उतारावर लागावी तशी.

"काहून ओढून राहिला?" तू ओरडलीस.

"सुरकुती जाऊन राहिली न्हाई!"

"सुरकुती न्हाई, अक्षर जाऊन राहिलं!"

खरंच गेलं. "जमीन"मधला ज तुकड्यावरून सुटून इस्त्रीला चिकटला, आणि तुकडा एका कोपऱ्याकडून कुत्र्याच्या कानासारखा लांब झाला. तू तुकडा वाचवायला धावलीस, मी पपांना वाचवायला. त्या गडबडीत इस्त्रीचं बूड पुसायचं राहिलं, आणि पुढचा नंबर होता पलीकडच्या ढाबेवाल्या शेठच्या पांढऱ्या शर्टाचा. संध्याकाळी शेठ शर्ट घालून दुकानात आले आणि आपल्याकडे पाठ करून उभे राहिले. पाठीवर लाल, तिरका ज.

"आक्का, मला बी मोर्चात घेतलं का? सांगायचं तरी!"

तुला हसू आवरेना. तू मशीनवर डोकं टेकून हसलीस, शेठही हसले, आणि पपा बाजूला उभे राहून म्हणत होते, "तत्त्व बराबर होतं. इस्त्री चुकली." दुसऱ्या दिवसापासून शेठनं मंडपात चहा पाठवायला सुरुवात केली. म्हणाले, शर्टावर घेतलंच आहे तर.

तो कानासारखा लांबलेला तुकडा तू टाकला नाहीस. ओलसर केलास, तळहातानं हळूहळू चौकोनात आणलास, वरून इस्त्री ठेवलीस, उचललीस आणि तुकडा तसाच राहू दिलास. गार झाल्यावर तो जवळजवळ पहिल्यासारखा झाला. जवळजवळच. एक बाजू आजही किंचित बाहेर आहे, आणि ती लपवायला तू शेजारच्या तुकड्याला जी चुणी दिलीस ती मला दिसते. तुझं सगळंच साधायचं नाही, आत्या. म्हणूनच तर तुझ्याशी भांडायला मजा यायची.

आता तो वाद. आपण गोधडीचे दोन अर्धे करून घेतले होते, एक तुझा, एक माझा, शेवटी मधोमध जोडायचे. दोन तुकडे शिवले की मागे शिवणीचे दोन काठ उरतात. ते दोन्ही एकाच बाजूला पाडून दाबायचे, की उघडून एक इकडे, एक तिकडे? तू म्हणायचीस एका बाजूला. मी म्हणायचे उघडून.

"उघडी शिवण म्हंजी उघडं दार," तू. "ओढ बसली की सगळी दोऱ्यावर. एका बाजूला पाडली की कापडाला कापडाचा आधार ऱ्हातो."

"आणि जिथं चार कोपरे भेटतात तिथं कवडीएवढी गाठ होते, त्याचं काय? तुझ्या सुया काहून मोडतात? सगळा भार एकाच बाजूनं काहून सोसायचा? हा अन्याय आहे!"

"आता शिवणीत बी मोर्चा काढ, पोरी."

"काढीन!"

"काढ. मागन्या काय हायेत?"

"उघडी शिवण, सपाट गोधडी!"

रस्त्यावरून चाललेल्या ट्रकवाल्यानं तेवढ्यात हॉर्न दिला आणि तू म्हणालीस, "बघ, एक मान्स तर मिळाला तुला." सुई मोडली की तू म्हणायचीस, सुया हलक्या येऊन राहिल्या. मी म्हणायचे, सुया त्याच आहेत, गाठ जाड आहे. मग तुला ऐकू यायचं बंद व्हायचं. आपण तो वाद बाजारात घातला, मंडपात घातला, विहारात वंदना सुरू व्हायच्या आधी घातला आणि शेवटचं साधू, साधू, साधू म्हणून झाल्यावर पुढे चालू केला. मी तुला म्हणाले होते, गोधडी पुरी होऊ दे, मग ठरवू कोण बरोबर. तू म्हणाली होतीस, "पुरी झाल्यावर कुनाला ठरवायचंय? पांघरायची."

आणि मग ती दुपार. फोन आला, मी दुकानात पोचले तोवर तू नव्हतीसच.

त्या दिवसाचं एकच सांगते. तुला नेसवायला पांढरी साडी आणली ती दुकानातल्या कडक घडीची, घड्यांच्या रेघा उमटलेली. बाया म्हणाल्या, ऱ्हाऊ दे, आता कोण बघतंय. मला ते सहन होईना. जन्मभर फाट्याचे कपडे सरळ केलेल्या बाईला चुरगळलेल्या साडीत पाठवायचं? मी साडी घेऊन दुकान उघडलं. लाइट गेलेली होती. या वेळी खरीच. मग तुझी कोळशाची इस्त्री काढली, शेठच्या ढाब्यावरून निखारे आणले, टेबलावर साडी पसरली. बाहेर माणसं थांबली होती, गाडी थांबली होती, कुणीतरी "आटपा" म्हणत होतं. माझा हात ओढायला निघाला आणि थांबला. ठेवली. थांबले. उचलली. काठापासून पदरापर्यंत, सगळी. घाई तुझ्या हाताला कधीच चालली नसती. त्या टेबलाशी मला रडू आलं नाही, आत्या. कापडावर पाणी किती शिंपडायचं ते तू ठरवून दिलं होतंस.

त्यानंतर घरात माणसांची ये-जा.  मग एके सकाळी पपा दुकानात गेले आणि तुझा अर्धा भाग काखेत मारून घेऊन आले.

"माझं ठरलं," म्हणाले. "जोडायची न्हाई. आक्काचा अर्धा काचंत बसवायचा अन् विहारात तिच्या फोटोखाली लावायचा. तिच्या हातचं शेवटलं हाय. तिथं मंडपात धूळ, माती. दोन दिसात चिंध्या व्हतीन."

मी भडकले. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. मी म्हणाले, तुम्ही पेटीतून काढून पुन्हा पेटीतच घालून राहिलात, फक्त या वेळी पेटीला काच आहे. मी म्हणाले, वस्तूंची पूजा करू नका असं तुम्हीच लिहिलंत. पपांच्या तोंडाकडे बघून मला कळलं, मी इस्त्री ओढत होते. जेवढा जोर लावला तेवढे ते वाकडे होत गेले. त्यांची बहीण गेली होती. त्यांना तिचं काहीतरी हाताशी हवं होतं. यात काय चूक?

मोजमाप घ्यायला म्हणून त्यांनी तुझा भाग जमिनीवर पसरला, मागची बाजू वर. आणि मी बघितलं.

वरच्या ओळींत शिवणी एका बाजूला, तुझ्या हट्टासारख्या सरळ. मग खाली, मधल्या एका ओळीपासून, उघड्या. प्रत्येक शिवण उघडून, दोन्ही काठ दोन्हीकडे दाबून, चार कोपऱ्यांची गाठ एकदम सपाट. शेवटच्या तुकड्यापर्यंत. माझ्यासारख्या. माझ्याहून नीट.

आत्या, तू ऐकलं होतंस! सगळ्या वेळी तुला ऐकू येत होतं!

आणि आता माझं ऐक. मी उठून माझा अर्धा भाग आणला आणि शेजारी उलटा टाकला. वरच्या ओळींत माझ्या उघड्या शिवणी. एका ठिकाणी मी जोडताना जरा ओढलं आणि शिवण उसवून दार उघडावं तशी उघडली होती, तू म्हणायचीस तशीच. त्या दिवसापासून खालच्या सगळ्या शिवणी मी गुपचूप एका बाजूला पाडल्या. तुला सांगणार होते. पण गोधडी जोडायच्या दिवशी, सगळ्या बायांसमोर, तुझं तोंड बघत. तूही त्याच दिवसाची वाट बघत होतीस का? तेच ठरवलं होतंस?

मी हसायला लागले. सुतकी घरात, बसायला आलेल्या बायांसमोर, पोट धरून. एक काकू म्हणाल्या, "पोरीला रडू द्या, कोंडलंय तिचं." मी नुसतं बोट दाखवत राहिले, इकडं बघा, तिकडं बघा. पपा गुडघ्यावर बसले. एका भागावरून दुसऱ्या भागावर नजर फिरवली. त्यांनी तो वाद आमच्याहून जास्त ऐकला होता, बिचाऱ्यांना जेवताना सुद्धा सुटका नव्हती. त्यांना कळलं. ते इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून वाहायला लागले. "दोघी बी हारल्या," म्हणाले. "दोघी बी हारल्या अन् एकमेकीला सांगितलं न्हाई."

तेवढ्यात सुभद्राकाकूंचा फोन. काचेची बातमी मंडपापर्यंत गेली होती. कशी ते विचारू नकोस, तुझीच माणसं. फोन स्पीकरवर होता.

"बाळूभाऊ, आक्कानं सबूद दिला व्हता मला. मी मागायला न्हाई केला फोन, मान्स गेलंय तुमचं. पर आयकलं ते खरं का? तुमी गोधडी काचंत घालून राहिले?"

"व्हय... म्हंजी, तिची आठवन म्हणून..."

"काचंला थंडी वाजून राहिली का?"

घरातल्या बाया फिस्सकन हसल्या. पपांनी कपाळाला हात लावला. मग तुझा भाग उचलून माझ्या भागावर ठेवला आणि मला म्हणाले, "दुकानाची चावी घे."

मधली लांब शिवण मी मारली. पपांनी इस्त्री हातात घेतली. मी फडकं पुढे केलं. त्यांनी ते अंथरलं, इस्त्री ठेवली, आणि माझ्याकडे बघून विचारलं, "आता ही कुठल्या बाजूला पाडू? तुझ्या का तिच्या?"

 आता तुझी बाजू कुठली आणि माझी कुठली? आम्ही असं केलं, वरची अर्धी शिवण उघडली, खालची अर्धी एका बाजूला पाडली. जिथं ती बदलते तिथं एक छोटीशी गाठ झाली आहे, कवडीएवढी नाही, ज्वारीच्या दाण्याएवढी. पपांनी तिच्यावर इस्त्री ठेवली, थांबले, उचलली. दोनदा केलं. गेली नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणाले, "आक्का हाय ती." गार होईपर्यंत दोघंही टेबलाशी उभे राहिलो, हात मागे बांधून.

मागून जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं, आणि काल गोधडी मंडपात गेली. सुभद्राकाकूंनी ती आधी उलटसुलट करून बघितली, मग अंगावर ओढली, मग हाताने चाचपून ती मधली गाठ शोधून काढली. "हे काय हाय गं?" मी म्हणाले, वाद आहे. "मिटला न्हाई का?" नाही म्हणाले. "बरं झालं," काकू म्हणाल्या, "मिटला की मान्सं घरी जातेत." आणि शेजारच्या दोघींना आत घेतलं. बाहेरून निळी-पांढरी कापडाची पाठ दिसत होती, आणि त्यावर मागून उमटलेली फिकट, उलटी अक्षरं. आत त्या तिघी होत्या, वाचायला पपांचं पत्रक होतंच.

पण आत्या, गोधडी एक आणि मंडपात बाया कितीतरी. थंडी अजून आहे आणि निकाल अजून नाही. पपांची पेटी रिकामी झाली. म्हणून आता तुझा हात सोडते आणि ज्यांना पहिला प्रश्न विचारला त्यांच्याकडे वळते.

तुमच्या माळ्यावर, विहारात, संघटनेच्या जुन्या कपाटात एखादं कापडी बॅनर घडी करून पडलं असेल. फ्लेक्स नको, कापडी. ते आज बाहेर काढा. धुवा, सावलीत वाळवा. मग टेबलावर पसरा, रंगाची बाजू खाली, आणि इस्त्री तापवा. ठेवा. थांबा. उचला. गार होऊ द्या. मग वारंगा फाट्यावर आत्याच्या दुकानात आणून द्या. दुकान बंद नाही. तिथं पपा असतात, हातात इस्त्री, बाह्या सरसावलेल्या. ते तुम्हाला विचारतील, ओढली तर नाही ना?

शिवण कुठल्या बाजूला पाडायची, ते मात्र येताना ठरवून या. आम्हाला भांडायला माणूस हवं आहे.